सोमाची पोरगी परराज्यातली

"तुमची मुलगी परराज्यातली आहे, काका," खिडकीतल्या तृप्ती मॅडम म्हणाल्या. 'चहात साखर कमी आहे' म्हणावं, तितक्या सहज.

सोमानं आधी मागं वळून पाहिलं. दुसऱ्याच कुणाला म्हणाल्या असतील. मागं त्याची सरिताच होती, रिबिनी घट्ट बांधून, फाईल छातीशी धरून.

"कुठली?"

"गुजरातची. जन्मदाखला तिकडचा, पाचवी ते दहावी शाळा तिकडची. म्हणून फॉर्म परराज्याच्या यादीत गेला. त्या यादीत जागा दोन, मुली अडतीस."

सोमाचा आ वासला तो वासलाच. नाशिकच्या या संस्थेत मुलींना लष्करात अधिकारी व्हायला तयार करतात. पोरगी लेखी परीक्षेत पास झाली तेव्हा त्यानं सुरगाण्याच्या स्टँडवर पेढे वाटले होते. आणि आता ही बाई म्हणते, पोरगी परकी!

बावीस वर्षं सोमा जीप चालवत होता. घरापुढून निघायचं, नाला ओलांडायचा, पलीकडच्या बाजारात माणसं उतरवायची. टपावर कोंबड्या, मागच्या दांडीला चार जण लोंबकळलेले. "चला पल्याड, पल्याड, पल्याड! ओ मावशी, मांडी आवरा, अजून एक बसतोय!" त्या पल्याडला गुजरात म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, पण सूर्य लांब आहे हे ठाऊक असतं ना, तसं. दवाखाना पल्याड जवळ, मोठी शाळा पल्याड जवळ, बायकोचं माहेर पल्याड. मत मात्र अल्याड, रेशन अल्याड, नागलीचं शेत अल्याड.

"मॅडम, नाला हाय वो तो! चड्डी वर केली की पार!"

"नाला नाही काका, राज्याची सीमा आहे ती."

"मग मी कुठला?"

"तुम्ही महाराष्ट्राचे."

"आन् पोरगी गुजरातची? एकाच ताटात जेवतो आमी!"

रांगेतल्या निफाडच्या एक बाई फिस्सकन हसल्या. सरिता हसली नाही. तिच्या ओठांचा रंगच गेला होता. ते पाहिलं आणि सोळा वर्षं दाबून ठेवलेलं सोमाच्या तोंडून सुटलं.

"ती दवाखान्यात जल्मलीच नाय! जीपमदी जल्मली! नाल्याच्या अल्याड! पाणी चढलं व्हतं, गाडी अडली व्हती. दवाखान्यात नेली तवा दोन तासांची व्हती पोर. गाडी एमएच पंधरा हाय, भाईर उभी हाय, बघा पायजे तर!"

निफाडच्या बाईंचा हात तोंडावर.

"बाबा," सरिता कशीबशी म्हणाली, "मी... आपल्या जीपमध्ये?"

"मधल्या सीटवर. तुझ्या आईनं शपथ घातली व्हती. पोरी चिडवतील म्हनं."

तृप्ती मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गाडीच्या नंबरावर डोमिसाईल मिळत नाही हो काका." मग आवाज उतरवून, "पण राहता पहिल्यापासून इकडेच ना? हिची पहिली ते चौथी?"

"गावातच."

"मग तहसीलमधून रहिवासाचा दाखला आणा. शुक्रवारी पाचच्या आत. फॉर्मवर खूण बदलू देते. पण नीट ऐका. महाराष्ट्र लिहिलं आणि दाखला आला नाही, तर दोन्हीकडून बाद."

सोमा पोरीकडं वळला. "सरे, दोन जागा तरी हायेत तिकडं. राहू दे का?"

सरितानं खिडकीतून पेन ओढलं आणि 'महाराष्ट्र'वर कागद फाटेल इतकी दाबून खूण केली.

पुढचे तीन दिवस तहसीलात. "साहेब जेवायला गेलेत." "साहेब जेवून मीटिंगला गेलेत." "साहेब आलेत, पण सर्व्हर गेलाय."

शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी एमएच पंधरा संस्थेच्या गेटात शिरली. सोमानं घामानं ओला झालेला कागद खिडकीत सरकवला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"सरिता सोमा गावित. महाराष्ट्राची रहिवासी." धाडकन शिक्का. "सोमवारी मुलाखत. दहाला."

सोमा त्या शिक्क्याकडं बघतच राहिला. जी पोर अख्खा जन्म आपल्या अंगणात वाढली, ती आपली आहे हे आज कळलं, तेही शाईनं!

बाहेर सरिता नेहमीसारखी पुढं बसली नाही. मधलं दार उघडून तिनं सीटवर हात फिरवला.

"इथंच?"

"थोडं अलीकडं."

ती सरकून बसली, पाठ ताठ. सोमानं किल्ली फिरवली, सवयीनं तोंड उघडलं, "चला पल्..." आणि जीभ चावली.