आल्या वाटेनं परतणारी हवा

गोंगाटाविरुद्धचं पत्रक घेऊन मी गॅरेजात शिरले, तेव्हा गाडीमालकानं हौसेनं डम्प व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाबाची हवा बाहेर सोडणारी झडप, काढून टाकलेली मोटार सुरू होती. अ‍ॅक्सिलरेटर सुटला आणि इंजिनातून शंभर पारवे एकदम फडफडल्यासारखा आवाज आला.

"दाबलेली हवा जाणार कुठं, ताई? पाय उचलला की पुढचं दार बंद, बाजूची खिडकी यांनीच बुजवली," मिस्त्री म्हणाले. "मग ती माघारी फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पात्यांना झोडपते."

"आवाज ऐका की, मामा," मालक हसला.

मिस्त्रींनी पाती तुटलेलं टर्बोचं एक जुनं चाक माझ्या तळहातावर ठेवलं. लिंबाएवढं. एवढासा जीव उलटं वादळ अंगावर घेत फिरत राहतो. माणसांचंही आपण हेच करतो. वाट बुजवायची आणि तडफड कौतुकानं ऐकायची.

मालकानं पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पत्रक विसरून, आतल्या चाकासाठी मी श्वास रोखला.