हनीफभाऊची वीत

चिंधा फक्कीवाल्याने पोरीला जिंकवण्यासाठी मैदानातून एक वीत चोरली, असं धरणगावच्या बस स्टँडसमोर चहा पिताना आजही कुणीतरी सांगतंच. सांगणारा डावा पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत दाखवतो, डोळा मारतो आणि म्हणतो, "एवढीशी. पण पोरगी विक्रमात बसली ना!" ऐकणारा हसतो, पुढच्या खेपेला तीच गोष्ट आपण सांगतो आणि सांगताना वितीचा हात करून टाकतो. एकाने तर ती दहा पावलांवर नेली होती. त्याला मात्र बाकीच्यांनी गप्प केलं. अफवेलाही आमच्याकडे थोडी मर्यादा आहे.

चिंधा हा कॉलेजच्या मैदानाचा माणूस. शिपाई म्हणून लागला, पण घंटा वाजवण्यात त्याचं मन कधी लागलं नाही. त्याचं काम म्हणजे फक्की. चुन्याची पांढरी भुकटी, ती ओढायचा डबा, दोन लोखंडी खुंट्या, एक मोजायची साखळी. स्पर्धा जवळ आल्या की हा माणूस चार दिवस घरी नीट जेवत नसे. बायको तानुबाई म्हणायची, "तुम्ही माले नही, फक्की लगन करीसन आनेल शे." चारशे मीटरचं मैदान आखावं तर चिंधानेच. त्याची वळणं अशी गोल यायची, की पळणाऱ्याला वळतोय हे कळायचं नाही.

आणि डोकं म्हणजे विक्रमांचं बाड. चौथी पास माणूस, पण पंचवीस वर्षांत त्या मैदानावर कोण किती धावलं, किती उडालं, सगळं तोंडपाठ. "लांब उडी, सहा मीटर एक्क्याऐंशी. धुळ्याचा भटू. उडी मारून उठला तर चड्डी फाटलेली. वाळूतच बसून राहिला, बाहेर येईना. शेवटी हनीफभाऊने आपली लुंगी दिली." किंवा, "पाच हजार मीटर, शिरपूरकडचा अनवाणी पोरगा. शेवटच्या फेरीची घंटा कुणी वाजवली नाही, म्हणून एक फेरी जास्त पळाला. तरी पहिला." लोक आपल्या पोरांच्या जन्माचं साल विसरतात. चिंधा परक्या पोरांचे सेकंद विसरत नव्हता.

हे काम त्याला हनीफभाऊने शिकवलं. हनीफभाऊ त्याच्या आधीचा मैदानाचा माणूस. बोलायला तिखट, हाताला सरळ. त्याचा एक दंडक होता. खुंटी ठोकायची, साखळी फिरवायची, चारशे मीटरची फेरी जिथे भरेल तिथे खूण करायची. पण रेघ त्या खुणेवर मारायची नाही. खुणेच्या एक वीत आत मारायची.

"बित्ता अंदर, चिंधा. भूलना मत."

"पण काबर, हनीफभाऊ?"

"मेरे उस्ताद ने बोला था."

"आनि त्यासले कोनी सांगं?"

"तू फक्की मार रे. वकील मत बन."

चिंधाचा पंजा मोठा, त्याची वीत हनीफभाऊपेक्षा दोन बोटं जास्त भरायची. म्हणून हनीफभाऊने सायकलीच्या चाकाचा एक स्पोक आपल्या वितीएवढा कापून त्याला दिला. त्यानंतर दोन वर्षांनी हनीफभाऊ वारला. स्पोक चिंधाच्या खिशात राहिला. 'का' हा प्रश्न हनीफभाऊबरोबर गेला.

दीपमाला ही चिंधाची एकुलती एक पोर. ती पळायला लागली तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, चिंधाचंही नाही. तो रेघ मारायचा, ती रेघेकडेने पळायची. डबा ढकलणाऱ्या बापाला मागे टाकून ती फेरी मारून परत त्याच्या पाठीशी यायची आणि ओरडायची, "आबा, सरक!" कॉलेजात आली तेव्हा आठशे मीटरला तालुक्यात तिच्यासमोर कुणी उरलं नाही.

दोन हजार तेरा साली महाविद्यालयांच्या विभागीय स्पर्धा धरणगावला आल्या. आठशे मीटर मुलींचा विक्रम होता दोन मिनिटं अठरा पूर्णांक एक सेकंद. चिंधाला तो पाठ होता, दीपमालालाही. जी पोर तो मोडेल तिचं नाव राज्याच्या शिबिराला जाणार, हेही दोघांना ठाऊक होतं. दीपमालाला त्या शिबिरापलीकडे दुसरं काही नको होतं. वर्दीची नोकरी, स्वतःचं नाव, सगळं त्या दारातून आत जाणारं. इकडे फैजपूरहून एक स्थळ सांगून आलं होतं आणि तानुबाईने पाहुण्यांना एवढंच कळवलं होतं, की स्पर्धा होऊ द्या.

दीपमाला धावली. शेवटच्या वळणावर ती तिसरी होती. सरळ रेघेवर आली तेव्हा चिंधा फक्कीचा डबा धरून उभा होता आणि त्याला डबा सोडता येईना. घड्याळ थांबलं ते दोन मिनिटं सतरा पूर्णांक आठवर. विक्रम तीन दशांशाने मोडला होता. पोरगी अंतिम रेषेपलीकडे गुडघ्यावर बसली, ओंजळीत फक्की घेतली आणि बापाच्या तोंडाला फासली. तो फोटो कुणीतरी काढला आणि सगळा घोटाळा तिथे सुरू झाला. तोवर ती नुसती धावपटू होती. त्या फोटोत ती मैदान आखणाऱ्याची पोर निघाली.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या एका कॉलेजची तक्रार आली. सकाळी तीन जणांची कमिटी स्टीलचा टेप घेऊन मैदानावर. प्रमुख प्रेमराज सर. सर मूळचे व्हॉलीबॉलचे. चेंडू सोडला तर गोल गोष्टींपैकी त्यांचा संबंध फक्त सत्काराच्या हाराशी. त्यांनी टेप रेघेवर अंथरला, वळणावर दोन पोरं बसवून दाबून धरला आणि पूर्ण फेरी मोजली. तीनशे अठ्ठ्याण्णव मीटर, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.

"चिंधा, फेरीला सव्वा मीटर कमी भरतं. दोन फेऱ्यांना अडीच."

"साहेब, वीत धरली का?"

"काय धरली?"

"वीत. रेघ वीतभर आत असते. टेप वीतभर बाहेरून घ्या."

सरांनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. एकाला हसू आवरेना. "म्हणजे तू मैदान वितीने मोजतोस?"

"नाही साहेब, साखळीने. पण वीत सोडतो." त्याने खिशातून स्पोक काढून दाखवला.

"सायकलही आणली आहे का?" दुसरा म्हणाला.

"म्हणजे रेघ आत घेतोस, हे कबूल आहे," सर म्हणाले.

"हो. नेहमीच घेतो."

"का घेतोस?"

या एका शब्दावर सगळं लटकलं होतं.

"हनीफभाऊने सांगितलं होतं."

"बोलव त्यांना. कुठे असतात?"

"कब्रस्तानात, साहेब."

मग तिघंही हसले. वाईट माणसं नव्हती ती. ऊन चढलं होतं, जेवण थांबलं होतं. अहवाल तिथेच टेबलावर लिहिला गेला. संबंधित कर्मचाऱ्याने मैदान वितीने मोजल्याचे व रेघ आत घेतल्याचे कबूल केले आहे. खाली चिंधाची सही. चष्मा घरी राहिला होता, पण सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं होतं.

पदक दीपमालाकडे राहिलं. वेळ खोडली गेली. शिबिराची यादी आली, त्यात तिचं नाव नव्हतं.

गावाला मात्र हिशोब जमला. तीन दशांश सेकंद आणि अडीच मीटर, बरोब्बर तेवढंच. बापाने मोजूनच केलं असणार! हुशारीचं कौतुकही झालं. "मानलं चिंधाले, जास्ती हाव नही करी." अशी स्तुती वाट्याला आली, की माणूस पुन्हा उठत नाही.

तिसऱ्या दिवशी तानुबाई म्हणाली, "पोरनी दोन दिन काही खादं नही. तुम्ही बोला तिनासंगे."

दीपमाला ओसरीच्या कोपऱ्यात बुटांचे बंद सोडत बसली होती. सगळे, भोकाभोकातून.

"आबा, खरं सांग. तू रेघ आत मारी का?"

"मारी. पन दरसाल मारस, माय. वीतभर."

"कसानी वीत शे ती?"

"हनीफभाऊनी सांगेल व्हती."

"काबर?"

"ते माले माहीत नही."

तिने सुटे बंद गुंडाळून बुटात कोंबले. मग म्हणाली, "तू मनासाठी करं, ते माले समजस. पन माले इचारतास तर मी नको म्हनतू."

तिने त्याला माफ केलं होतं. न केलेल्या चोरीची माफी कशी परत करायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्रीपासून त्याला स्वतःचीच शंका यायला लागली. रेघेवर साखळी टाकून त्याने एकट्याने मोजून पाहिलं. सव्वा मीटर कमी. साहेबांचा टेप खोटा नव्हता. मग हनीफभाऊ चुकला होता का? त्याचा उस्ताद चुकला होता? पंचवीस वर्षांचे सगळे विक्रम, भटूची उडी सोडली तर, वीतभर खोटे? ज्या आकड्यांवर हा माणूस जगत होता ते एकेक करून त्याच्या तोंडात कडू झाले. त्याने ते सांगणंच बंद केलं. कुणी मुद्दाम विचारलं, "काय चिंधाभाऊ, आठशे मीटर किती?" तर तो डबा उचलून चालू लागायचा.

कॉलेजने लेखी ताकीद दिली. यापुढे वीत सोडायची नाही, रेघ खुणेवरच. चिंधाने स्पोक घरी पत्र्याच्या पेटीत टाकला आणि खुणेवर रेघ मारू लागला. दीपमालाचं लग्न फैजपूरला झालं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी यायची, सगळ्या पोरी झोके खेळायच्या, गाणी म्हणायच्या, तीही म्हणायची. पण बस स्टँडवरून घरी येताना सरळ रस्ता मैदानाकडून होता, तो सोडून ती बाजारातून वळसा घालून यायची. बापाशी बोलायची ते दुखण्याखुपण्याचं.

पुढची अकरा वर्षं त्या मैदानावर आठशे मीटरचा विक्रम कुणी मोडला नाही. दीड हजारचा नाही, पाच हजारचाही नाही. टपरीवर लगेच निकाल लागला, "पाहा, मैदान इमानदार झालं आणि विक्रम बंद पडले!" तानुबाई काविळीने गेली. जाण्याआधी दोन दिवस तिने त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "आते तरी सांगा." वीत चोरली नाही, असं तो म्हणाला. तिने मान हलवली. ती कशाची मान होती, हे त्याला कळलं नाही.

दोन हजार चोवीसला कॉलेजात खेळाच्या नव्या शिक्षिका आल्या, पूनम मॅडम. पंचांची परीक्षा नुकतीच दिलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मैदान मोजलं आणि चिंधाला हाक मारली. चिंधाचं निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

"काका, तुमचं मैदान सव्वा मीटर लांब आहे."

"लांब?" चिंधाला वाटलं, मॅडमही थट्टा करतात. "आमचं आखूड असतं, मॅडम. साऱ्या गावाला माहीत आहे."

"लांब आहे. चारशे एक मीटर आणि वर सव्वीस सेंटिमीटर. तुम्ही रेघच चारशेवर मारली आहे. मोजायचं रेघेवर नसतं, काका. रेघेवर कुणी पळतं का? पाय पडला तर बाद करतात. म्हणून रेघेच्या वीस सेंटिमीटर बाहेर टेप धरायचा. रेघ तेवढी आत घ्यायची, गोल वळणांवर त्याचाच फेरीला सव्वा मीटर फरक पडतो. तुम्ही आत घेत नाही का?"

"घ्यायचो."

"मग सोडलं का?"

चिंधा फक्कीच्या पोत्यावर बसला. मॅडमना वाटलं, ऊन लागलं. त्याने पाणी मागितलं नाही, सुट्टी मागितली. घरी जाऊन पेटी उपसली, गंजलेला स्पोक आणला आणि मॅडमच्या टेपवर ठेवला. वीस सेंटिमीटर. ना कमी, ना जास्त.

मॅडमनी नियमाच्या पुस्तकातलं पान काढून दिलं आणि कमिटीच्या कार्यालयाला अर्जही लिहिला. उत्तर आलं, की इतक्या जुन्या स्पर्धेची कागदपत्रं आता उपलब्ध नाहीत. प्रेमराज सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या निरोपाला, म्हणतात, फार मोठा हार होता.

चिंधा पान आणि स्पोक घेऊन फैजपूरला गेला. दीपमाला केळी भरायच्या शेडमध्ये होती. घडाच्या फण्या कापून टाकीत धुवायच्या, कागद लावून खोक्यात रचायच्या, हे तिचं काम. हात ओले, केळीच्या चिकाने काळे. उभं राहून राहून पाय सुजलेले. तिने पान हातात घेतलं नाही, भिजलं असतं. त्याने धरलं, तिने वाचलं. दोनदा वाचलं.

"हनीफकाका बरोबर व्हता," ती म्हणाली.

"व्हय."

"मी त्या साहेबसनं ऐकं, आबा. तुनं नही."

"तुले काय माहीत व्हतं, माय. मालेच माहीत नव्हतं."

शेडचा मालक लांबून ओरडला, गाडी लागली आहे. तिने सुरी उचलली.

"मंग अर्ज परत टाकू का? तुनी वेळ..." तो म्हणाला.

"आते काय उपेग शे?" तिने फणी टाकीत सोडली. "जा, तुनी गाडी चुकी जाई."

तो धरणगावला परतला. बस स्टँडसमोर उतरला तेव्हा टपरीवर कुणीतरी पंजा ताणून वीत दाखवत होतं. चिंधाने खिशातला स्पोक काढला नाही. तो सरळ रस्त्याने, मैदानाकडून, घरी गेला.

चिंधाने मैदान आखूड केलं नव्हतं. ते चारशे मीटरचं होतं. कमिटीने टेप रेघेवर धरला होता. दीपमालाची दोन मिनिटं सतरा पूर्णांक आठ ही वेळ खरी होती.