बारा तारखेची मिशी

कातरेबुवांना राग चढायला वेळ लागे, पण चढलेला राग उतरायचं नाव घेत नसे. रस्त्याकडेची एक खोली, एक खुर्ची, एक आरसा, एवढंच त्यांचं सलून; पण नऊ वर्षांत तिथं चांगला जम बसला होता.

खोलीचा मालक मिशाळराव. भाडं एक तारखेला, असं करारात लिहिलेलं. पण पहिल्याच महिन्यात मालक म्हणाला, "एकला कशाला हेलपाटा घालू? बाराला कलप लावायला येतोच की. तेव्हा दे." झालं! नऊ वर्षं दर बाराला स्वारी यायची, मिशीला कलप लावून घ्यायची आणि तो वाळतोय तोवर भाडं घेऊन पावती फाडायची. कलप वाळला का, हे अंगठ्यानं चाचपायची भारी खोड!

अन् एक दिवस नोटीस आली. 'भाडेकरू नऊ वर्षं भाडं उशिरा देतो, सबब महिन्यात खोली रिकामी करावी.' खरी गोम सगळ्या गल्लीला ठाऊक होती: मोबाइलवाल्यानं दुप्पट भाडं कबूल केलं होतं.

बायको रडकुंडीला आली. "अहो, गिऱ्हाइकं काय आपल्यामागं नव्या जागी येणारेत?"

"रडू नकोस. या माणसाला चारचौघांत पांढरा नाही केला, तर वस्तरा हातात धरणार नाही!"

बाराला मिशाळराव निर्लज्जासारखा हजर. "नोटीस नोटिशीच्या जागी. कलप लाव."

"आधी भाडं घ्या."

"भाडं नको, खोली हवी."

"मग मालक, कलप एक तारखेला. आज उशीर झाला!"

खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. बुवांनी त्याच दुपारी भाडं मनिऑर्डरनं पाठवलं. मिशाळरावाची मात्र पंचाईत झाली. दुसऱ्याकडे कलप लावला, तर ओठ सुजून भोपळा!

महिना उलटला तरी बुवा हलेनात, तसा त्यानं कोर्टात अर्ज ठोकला. सुनावणीच्या दिवशी त्याच्या मिशीत चांगलं बोटभर पांढरं उतरलं होतं. "साहेब, उशिराला मी कधीच मान्यता दिली नाही," असं तो ठासून म्हणाला. बुवांनी पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला. दरेक पावती बारा तारखेची, दरेकीवर काळा अंगठा.

"हे डाग कसले?" साहेबांनी विचारलं.

"मालकांच्या मिशीचा कलप, साहेब. वाळायच्या आत सही करायचे."

सगळं दालन मिशीकडे बघू लागलं. साहेब म्हणाले, "नऊ वर्षं तुम्हीच बाराला बिनतक्रार भाडं घेतलंत. आता त्याच उशिरावर बोट ठेवून बाहेर काढता येणार नाही. पुढं एकलाच हवं असेल, तर आधी तसं लेखी कळवा." अर्ज फेटाळला.

मिशाळरावानं इरेला पेटून तसं लेखी कळवलं. बुवांना हेच हवं होतं! एक तारखेला पहाटे साडेपाचला ते मालकाच्या दारात उभे. "मालक, भाडं आणलंय होऽऽ!" खिडक्या उघडल्या. पांढरी मिशी लपवत मालक सही करून आत पळाला. असं पाच महिने चाललं.

सहाव्या महिन्यात मिशाळराव सलूनच्या पायरीवर आला. "बुवा, पुन्हा बाराला ठेवू या."

"लेखी द्या."

त्यानं लिहून दिलं. बुवांनी कागद दोनदा वाचला, गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं. मालक हळूच खुर्चीत टेकला.

"आता कलप?"

"उठा," बुवा म्हणाले. "ते करारात नाही."