पट्ट्यावरचा शेवटचा गोळा
ओल्या दगडी कोळशाचा वास आला की मला ऊर्जानगरच्या पॉवर स्टेशन वसाहतीत, मैत्रिणीच्या क्वार्टरमधली लहानपणीची एक रविवारची दुपार आठवते. फरशीवर आम्ही खडूनं बंदर आखलं होतं. काड्यापेट्यांची गोदामं आणि लाल रिबीन म्हणजे जहाजातला कोळसा वाहून नेणारा पट्टा. बंदर मैत्रिणीचं, युद्धनौका माझ्या. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता! फासा टाकत मी गोळ्यामागून गोळा डागला, गोदामं धडाधड आडवी झाली, तरी तिचं बंदर आपलं चालूच. एकच गोळा उरला. तेवढ्यात तिची आई पॉवर स्टेशनच्या कोळसा विभागातली ड्युटी संपवून आली आणि काळवंडलेला स्कार्फ सोडत खाली वाकली. "गोदामं काऊन फोडून राह्यली वं? पट्टा फोड. आमच्या इथी तो थांबला का सारंच थांबते." "आई, तू कोनाच्या इकडून हायेस?" मैत्रीण किंचाळली. पट्टा बारीक, म्हणून सहा पडले तरच तो तुटणार होता. मी फासा फुंकला, फेकला. सहा! बंदर बंद! मी पलंगावर चढून नाचले. परवा आयुष्यात पहिल्यांदा खरं बंदर पाहिलं. सोबतचे सगळे समुद्राकडे धावले आणि मी कोळशाच्या पट्ट्याकडे बोट दाखवून ओरडले, "सहा!"