मी लिहिलेली हडळ

मला भुताचे सिनेमे आवडतात असं सांगितलं की लोक दोन गोष्टी विचारतात. या वयात? आणि बाईमाणूस असून? उत्तरं देऊन माझं तोंड दुखायला लागलंय. हो, या वयात. चेटकिणी, उडते राक्षस, आरशातून बाहेर येणारे हात, सगळं आवडतं. दहिवलीच्या घरी दुपारी जेवणं आटोपली की मी पडदे ओढून बघत बसते. मध्येच येऊन कुणी ‘हे काय भलतंसलतं’ म्हणालं, तर त्याला चहा न देता वाटेला लावते. प्रवाससुद्धा मी भुतांपायीच केले. राजस्थानातलं ओसाड गाव पाहिलं, थंड हवेच्या ठिकाणची गोऱ्यांची थडगी पाहिली. एकदा तर परदेशात तिकीट काढून झपाटलेला किल्ला पाहिला. तिथल्या राणीच्या भुताबद्दल मी इतकं विचारलं, की माहिती सांगणारा माणूस वैतागला. तिचं माहेर कुठलं, मुलं किती, मेली कशानं. सगळं मला हवं होतं.

आणि माझ्या घरापासून तासाभरावर जी मेली, तिच्याबद्दल मी कुणाला काही विचारलं नाही. तिच्यावर गोष्ट मात्र लिहिली. माझी तेवढी एकच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली.

कळंबच्या रस्त्यावर एक वळण आहे. तिथं हिरव्या लुगड्यातली बाई पोट धरून उभी असते आणि गाड्यांना हात करते. गाडी थांबली की तिचे उलटे पाय दिसतात. हे मला खालापूरच्या एका टेंपोवाल्यानं सांगितलं. उलटे पाय गोष्टीत मी घातले. बाई कोण ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे कळंबहून वालाच्या शेंगा घेऊन एक मावशी यायच्या, त्यांची ती लेक. पहिलटकरीण, माहेरी आलेली. कळा सुरू झाल्यावर आईनं तिला दवाखान्यात न्यायला रस्त्यावर आणलं. गाड्या जात होत्या, पण थांबत नव्हत्या. ती तिथंच गेली, बाळही गेलं. हा गाड्या न थांबल्याचा भाग मी गोष्टीत घेतला नाही. त्यात भीती नाही, असं मला वाटलं होतं. धन्य आहे माझी.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणतात. म्हणून तिला स्मशानात नेल्यावर गावानं परतीच्या वाटेवर मोहरी टाकली. हडळ घरी यायला निघाली तर एकेक दाणा वेचत बसते आणि तोवर उजाडतं, असा समज. ते ऐकून मी हरखले होते. दुसरा शब्द नाही, हरखलेच. मावशींच्या शेंगा बंद झाल्या. त्यांना भेटायला जायचं मला सुचलं नाही, मी लिहायला बसले होते.

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलीच्या वाढदिवसाला कळंबच्या एका रिसॉर्टवर गेलो. नाश्त्यानंतर सगळ्या पोरांना ‘भुताची सफर’ म्हणून जीपमध्ये कोंबलं, सोबत मीही बसले. सकाळचे अकरा, ऊन डोक्यावर. जीप त्याच वळणावर थांबली. रस्त्याकडेला रिसॉर्टनं फळी ठोकली होती. तिच्यावर हिरव्या लुगड्यातली, जीभ काढलेली बाई, आणि खाली लिहिलं होतं, ‘हिला इथे पाहिलं आहे.’ ड्रायव्हर सांगत होता, ही लहान बाळं खाते. पोरं खिदळत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परत आल्यावर मॅनेजरला धरलं. “लाज नाही वाटत? खरी बाई आहे ती. तिची आई जिवंत आहे, त्या वळणाशीच राहते.”

तो जराही घाबरला नाही. आत जाऊन माझंच पुस्तक घेऊन आला. “मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? आम्ही फक्त चित्र काढलं.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणणार होते. पण चोर मी होते. “बाळं खाते असं मी कुठं लिहिलंय?” एवढंच बोलले, आणि बोलतानाच कळलं की हा बचाव किती हलकट आहे. माझी गोष्ट वापरायची नाही असं तिथंच लिहून दिलं. आठ दिवसांत फळी निघाली.

मग मावशींकडे गेले. इतक्या वर्षांनी. दारात बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. बघताक्षणी ओळखलं मला. “बस गं. दहिवलीची ना तू?”

बसले आणि सगळं कबूल केलं. गोष्ट माझी, पाप माझं, ती फळी आता काढायला लावली आहे. शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

“का काढलीस?” त्या म्हणाल्या.

मला वाटलं नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगितलं.

“आयकलं मी. लेकाच्या पोरीनं वाचून दाखवली होती ना मला फळी. हिला इथं पायलंय म्हणून.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “लोकांनी मोहरी टाकली ना, ती दुसऱ्या दिवशी मी खराट्यानं झाडून काढली. कुणाला सांगितलं नाय. म्हटलं येऊ दे तिला. हडळ तर हडळ, माझीच हाय. लय वर्षं दार उघडं टाकून झोपले. नाय आली. मग लावायला लागले दार. फळीवरचं आयकलं न् परत उघडं ठेवलं.”

मी मागं उघड्या दाराकडे पाहिलं.

“हिरवं लुगडं बराबर लिवलंस. तेच होतं अंगावर.” त्यांनी माझा हात धरला. “तुला दिसली ती. पोट धरून उभी होती ना? अजून दुखतंय का गं तिचं?”

जगभरची भुतं पाहून आलेली बाई मी. मला एका म्हातारीकडे मान वर करून बघता येईना.

“मावशी, मला ती दिसली नाही,” मी म्हटलं. “मी एक थाप ऐकून मनानं लिहिलं.”

त्यांनी हात सोडला. सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“मग मला कशाला दार उघडं ठेवायला लावलंस गं?”