सात नंबरची हळद

दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन आला. सुकापूरचा हरेश गेला. झोपेतच, हृदयविकाराने. मी शटर पूर्ण वर केलं, उदबत्ती लावली, पहिल्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं आणि मग स्टुलावर बसलो. दीड वर्ष आम्ही बोलत नव्हतो. मनातल्या मनात मात्र मी त्याच्याशी रोज भांडायचो, आणि आता ऐन भांडणातून तो उठून निघून गेला होता... याचाही मला रागच आला.

आमची जोडी अठरा वर्षांची. हळदी, साखरपुडे, गणपतीतले कार्यक्रम. हरेश गिटारवर गाण्याची चाल वाजवायचा, मी मागे बसून दुसऱ्या गिटारवर ठेका धरायचो. लोकांना तोच दिसायचा, आणि तो होताही दिसण्यासारखा. नवरीच्या आजीला खुर्चीवरून उठवून नाचवायची कला त्याच्याकडे होती. माझ्याकडे घड्याळासारखा हात आहे, असं तोच म्हणायचा. मग एक दिवस त्याने लूप पेडल आणलं. पायाने कळ दाबली की आपण वाजवलेलं ते टिपून घेतं, पुन्हा दाबली की तेच गोल गोल वाजवत राहतं. असे तुकडे साठवायला त्यात नव्याण्णव जागा. तुझा ठेका यात भरून ठेवू, तू नसशील तेव्हा मला सरावाला होईल, असं त्याने सांगितलं. सहा रविवार मी दुकानाच्या माळ्यावर बसून वाजवत होतो.

शिस्त मात्र त्याच्या गावीही नव्हती. सेव्ह न करताच पुढच्या नंबरवर जायचा आणि अर्ध्या तासाची मेहनत पुसून टाकायचा. शेवटी मीच औषधांच्या कप्प्यांसारखी सगळी लावणी करून दिली. एक ते दहा हळद, त्यापुढे साखरपुडे, मग गणपती. प्रत्येकाची लय, आवाज किती ठेवायचा, सगळं ठरवून सेव्ह केलं आणि माझ्या अक्षरातली यादी पेडलच्या पाठीला चिकटवली. स्वतःच्या पायावर इतका नीटनेटका धोंडा कुणी पाडून घेतला नसेल. सात नंबरवर शेवटाकडे माझी करंगळी तारेला अडकून खट्ट असा आवाज यायचा. पुन्हा घेऊ म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे रे, कोन ऐकतंय?"

त्यानंतर आमचे कार्यक्रम आटले. सगळे डीजे लावतात, असं हरेश म्हणायचा. मी मानलं, कारण त्याच्यावर अविश्वास ठेवायची मला सवयच नव्हती. वर्षभराने उलव्याला एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या हळदीला गेलो. नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव होता. आत शिरायच्या आधीच मला मी ऐकू आलो. शेवटाकडे खट्ट. स्टेजवर हरेश एकटा, ऐटीत, पायाशी पेडल. मला बघूनही थांबला नाही. गाणं संपल्यावर सरबताचा ग्लास घेऊन माझ्यापाशी आला.

"तू काय दुकान सोडून येनार होतास?"

"विचारलंस कधी?"

तो ग्लास माझ्या हातात देऊन स्टेजकडे परतला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोचा, मनीषावहिनींचा, निरोप आला. हे मशीन बंद पडलं तर त्यांचं वाजवणं कायमचं जाईल, तुम्ही कुठेतरी भरून द्या, असा. लॅपटॉप घेऊन गेलो. फोटोखालच्या फळीवर पेडल होतं, त्यावर शेवंतीचं फूल. वायर जोडली तसे नंबरांचे फोल्डर ओळीने दिसले, माझ्याच लावणीने. एकेक ऐकत गेलो. खरं सांगतो, मला तो हवा होता. त्याची एखादी चाल, निदान एखादी तार... पण तो लोकांसमोर उभा राहून थेट वाजवायचा, स्वतःचं त्याने कधी सेव्हच केलं नव्हतं. बेचाळीस जागा भरलेल्या होत्या आणि सगळ्यांत मीच होतो.

सात नंबर लागला तेव्हा वहिनींनी हाताने थांबा, ऐका अशी खूण केली. खट्ट झालं आणि त्या हसल्या.

"ऐकलंत, भावजी? तिथं त्यांचं बोट अडकायचं. मी इचारलं तं बोलले, ती माझी सही हाय."

उलव्याला लागलं होतं त्याहून हे खोल लागलं. मांडवात टाळ्यांसाठी माणूस खोटं वागतो, ते मी एक वेळ समजू शकतो. पण घरात, जिथे ऐकायला फक्त बायको होती, तिथेही त्याने मला पुसून टाकलं होतं. सगळं ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, नाव काय टाकताय? मी टाइप केलं, हरेश, हळद, सात.

पेडल अजून त्याच फळीवर आहे. त्याला पाय लावायचा नाही म्हणून वहिनी रोज सकाळी दिवा लावून झाला की बोटाने कळ दाबतात. मी गेलो तर मलाही समोर बसवतात. शेवटाकडे खट्ट होतं, त्या फोटोकडे बघून हसतात, आणि मी माझी करंगळी मुठीत मिटून बसतो.