माडीवरचा धूर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी तेव्हा आळंद भागात सर्कल इन्स्पेक्टर होतो.

दुपारी ठाण्यात खबर आली. तुरीच्या एका व्यापाऱ्याची सून गॅसच्या भडक्यात भाजली होती, तिला गुलबर्ग्याला हलवलं होतं. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर जबाब घेतला. दोन्ही हातांना आणि मानेला पट्ट्या होत्या. सासू उशाशी बसलेली. सून हळू आवाजात म्हणाली, "माझीच चूक, साहेब. गॅस चालू ऱ्हायला." बोलताना ती सासूकडे बघत होती.

ठाण्यावर परततो तोच त्यांच्या समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंचा फोन आला. "साहेब, ते गॅस म्हणायलेत. पण धूर माडीवरून येत व्हता. स्वयंपाकघर तर खाली हाय."

पंच घेऊन लगेच निघालो. स्वयंपाकघरात काजळीचा डाग नव्हता, गॅसची नळी शाबूत होती. माडीवरच्या खोलीत मात्र गादी मधोमध जळालेली. पलंगाजवळच्या प्लगात मोबाइलचा फास्ट चार्जर होता, वायरचं टोक वितळलेलं. गादीचा कापूस चाळला तेव्हा बोटाएवढी, फाटलेली धातूची नळी हाती लागली. ती बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट होती. विक्रीवर बंदी असूनही हुमनाबादच्या हायवेवर हा माल चोरून मिळत असे.

नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. पदवीधर, वडिलांच्या दुकानात बसणारा.

"चार्जरला काय लावलं होतं?"

"मोबाइल."

"दाखव."

त्यानं खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. मी शेजारी ती फाटलेली नळी ठेवली. त्यानं मोबाइल उचलून परत खिशात घातला.

"आमच्या घरात सुपारीला बी कुणी शिवत न्हाई, साहेब. अप्पाला कळलं असतं तर..."

मग सगळं बाहेर आलं. नळी आधी एकदा पडून चेपली होती. तेव्हापासून चार्जिंगला लावली की तापायची. तरी त्यानं ती मोबाइलच्या चार्जरला लावली, कुणाला दिसू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून गादीखाली सारली आणि दुकानात निघून गेला. बायको तापानं फणफणलेली, येऊन त्याच गादीवर झोपली. बॅटरी फुटली, गादी पेटली, ती विझवताना तिची मान आणि हात भाजले.

"तापते हे माहीत होतं?"

"व्हय."

"आणि गॅसचं कुणी सांगितलं?"

"दवाखान्यात नेताना मीच म्हणलो तिला, गॅसचं नाव घे."

मी टेबलावर मूठ आपटली. खुनाच्या आरोपींसमोरही माझा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला. बायको कण्हत असताना या माणसाला चिंता होती ती वडिलांसमोरच्या अब्रूची.

त्याच्यावर निष्काळजीपणाचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा नोंदवला. त्याच्या सांगण्यावरून हायवेवरच्या टपरीवर छापा घातला. विक्रेत्यानं फुगलेल्या, बिघडलेल्या नळ्या कागद-पुठ्ठ्याच्या कचऱ्यातच फेकल्या होत्या. म्हणजे पुढचा भडका कचरा उचलणाऱ्या बायांच्या हातात. आमचा हवालदारही जप्त माल मुद्देमालाच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांवर ठेवायला निघाला, त्यालाही मी झापलं. तो माल वाळूच्या बादलीत, खोलीबाहेर ठेवला.

बंदी असलेली वस्तू वापरूच नये. पण बॅटरीची कुठलीही वस्तू असो, चेपलेली, तापणारी असेल तर चार्जिंगला लावायची नाही. भलता चार्जर, गादी, उशी यांपासून लांब ठेवायची, समोर बसूनच चार्ज करायची. बिघडली तर घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. एवढं सांगायला पोलीस लागावा का?

सासूला बाहेर बसवून मी सुनेचा दुसरा जबाब घेतला. नवऱ्यानं सगळं कबूल केल्याचं सांगितलं.  ती छताकडे बघत म्हणाली, "गादीखाली काय व्हतं, ते मला अजून कुणीच सांगितलं न्हाई, साहेब."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत भाजलेल्या बाईचा जबाब घेताना मी घरच्या माणसाला खोलीत थांबू दिलं नाही. आणि 'माझीच चूक' असं ती म्हणाली, तर तपास तिथून सुरू केला.